एक किलोचा आकाशकंदील

दिवाळी जवळ आली की मध्यमवर्गीय घरात एक वाद ठरलेला असतो. आकाशकंदील विकत आणायचा की घरी करायचा? वडील म्हणतात, "बाजारात हवे तसले मिळतात, उगाच खळ सांडून फरशी कशाला चिकट करता?" मुले ऐकत नाहीत. मग कामट्या येतात, दोरा येतो, पतंगाचा कागद येतो, आणि दोन दिवस घरात चालायला जागा राहत नाही. शेवटी कंदील तयार होतो तो किंचित तिरपा. एका बाजूला कागद सुरकुतलेला, एक करंजी दुसरीपेक्षा लांब. पण गॅलरीत टांगल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला वडीलच तो कौतुकाने दाखवतात. विकतच्या कंदिलाकडे बोट दाखवून "हा आमचा" असे म्हटलेले मी अजून ऐकलेले नाही.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात या सदराला जागा जरा ऐसपैस मिळते. तिचा फायदा घेऊन अशाच एका घरगुती कंदिलाची हकीकत सांगतो. तो पुण्याच्या मुलामुलींनी केला, आणि टांगला मात्र गॅलरीत नव्हे, जमिनीपासून पाचशे किलोमीटर उंचीवर!

22 जून 2016 रोजी सकाळी 9 वाजून 26 मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी 34 हे रॉकेट सुटले. त्याच्या पोटात वीस उपग्रह होते. थोरला होता कार्टोसॅट-2 मालिकेतला, सातशे सत्तावीस किलोंचा. बाकीचे एकोणीस धाकटे, त्यांतले सतरा परदेशचे पाहुणे. या वऱ्हाडात एक अगदी तान्हे मूलही होते. वजन जेमतेम एक किलो. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी दहा-अकरा सेंटीमीटर. आपल्या घरच्या चकल्यांच्या डब्यात ते सहज मावले असते आणि वर चकल्यांना जागा उरली असती. नाव 'स्वयम्'. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे, या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी ते घडवले होते.

ही संस्था 1854 सालची. मुंबई-ठाणे आगगाडी धावू लागली त्याच्या दुसऱ्या वर्षीची. रस्ते, पूल, कालवे, इमारती बांधायला हाताखालची माणसे हवीत, म्हणून इंग्रज सरकारने ती काढली. 2022 साली तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ज्या ठिकाणी एके काळी मुलांना जरीब कशी ओढावी हे शिकवीत, तिथल्या मुलांनी आपला उपग्रह पृथ्वीभोवती फिरवला. काळाची चाल मोजायला याहून चांगली जरीब मला तरी सापडत नाही.

'स्वयम्'ने काय करायचे होते? पोस्टमनचे काम. जगभर हौशी रेडिओवाले असतात, त्यांना 'हॅम' म्हणतात. घरात स्वतःचा रेडिओ-यंत्रसंच ठेवायचा, सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, आणि दूरदूरच्या लोकांशी गप्पा मारायच्या, असा त्यांचा छंद. यांच्यापैकी एकाने आपला निरोप वर पाठवायचा, 'स्वयम्'ने तो पिशवीत टाकायचा आणि फिरत फिरत दुसऱ्याच्या डोक्यावर आले की खाली उतरवून द्यायचा. पूर आला, भूकंप झाला, तारा तुटल्या, मनोरे पडले, अशा वेळी हे हॅमच उपयोगी पडतात. तेव्हा हे काम अगदीच पोरखेळाचे म्हणता येणार नाही.

आता यातली एक अडचण पाहा. पोस्टमन रस्त्याने कोलांट्या उड्या घेत चालला तर पत्र कुणाच्या दारात पडायचे? अवकाशात सोडलेला डबा गिरक्या घेत राहतो. त्याला सरळ धरायचा तर मोठ्या उपग्रहांत चक्रे असतात, वायूचे झोत असतात. एक किलोच्या डब्यात ते चोचले कुठून आणायचे? या मुलांनी आपल्या उपग्रहात चक्क लोहचुंबक बसवले. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकत्वाकडे पाहून उभी राहते, तसाच हा डबाही वळतो. पण सुई जशी प्रथम थरथरते, तसाच तोही डोलत राहणार. म्हणून मऊ चुंबकीय धातूच्या बारीक कांड्या आत घातल्या. डोलण्याची शक्ती त्या कांड्यांत उष्णता होऊन जिरते आणि डोलणे हळूहळू कमी होते. या सगळ्याला विजेचा एक थेंब लागत नाही. गरिबाच्या संसारातली ही युक्ती मला फार आवडली.

अशा युक्त्यांची परंपरा जुनी आहे. पहिला हौशी उपग्रह अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी केला. त्याचे नाव 'ऑस्कर-1'. तो 12 डिसेंबर 1961 रोजी वर गेला. वजन साडेचार किलोंच्या आसपास. मोर्सच्या कडकट्टमध्ये चार टिंबे आणि दोन टिंबे, म्हणजे इंग्रजीतले 'हाय', एवढेच तो सारखा म्हणत राहिला, आणि बावीस दिवस तसे म्हणून परतीच्या वाटेला लागला. पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'ऑस्ट्रॅलिस' नावाचा उपग्रह बांधला. त्याला अँटेना काय लावली असेल? सुताराची पोलादी मोजपट्टी! दुमडली की दुमडते आणि सोडली की ताठ उभी राहते, हा तिचा गुण त्या पोरांनी हेरला. बांधून झाल्यावर बरीच वर्षे तो आपल्याला कोणी वर नेईल याची वाट पाहत बसला, आणि अखेर 23 जानेवारी 1970 रोजी अमेरिकेच्या एका हवामान-उपग्रहाचा हात धरून निघाला. पुढल्या कित्येक छोट्या उपग्रहांत ही मोजपट्टीची पाती दिसतात. जाताना ती गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्याने बांधायची, आणि वर पोचल्यावर एक बारीक तार तापवून दोरा जाळून टाकायचा. झाली अँटेना उभी.

दहा सेंटीमीटरचा हा चौकोनी घाट मात्र 1999 सालचा. स्टॅनफर्डचे प्राध्यापक बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे जॉर्डी प्विग-सुआरी या दोघांनी तो ठरवला. विद्यार्थ्यांचे उपग्रह हळूहळू जड होत चालले होते. ज्याला जे सुचेल ते तो आत कोंबी. ट्विग्जसाहेबांनी कापडी बाहुल्या ठेवायची एक पारदर्शक पेटी दुकानात पाहिली आणि म्हणाले, याच्याबाहेर काही जाता कामा नये. लहान खोलीत संसार केला की अडगळ आपोआप कमी होते, हे आपल्या चाळीतल्या गृहिणींना कुठल्या प्राध्यापकाने सांगावे लागले नव्हते! पण या एका मापाने सारे चित्र पालटले. सर्वांचे डबे एकाच मापाचे झाल्यामुळे रॉकेटवर त्यांना बसवायची खुर्चीही एकाच मापाची करता आली. 2003 साली असे डबे प्रथम वर गेले. त्यांतला टोकिओ विद्यापीठाच्या मुलांचा डबा दहा वर्षे उलटून गेल्यावरही बोलत होता.

आपल्याकडे 2009 साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा चाळीस किलोंचा 'अनुसॅट' गेला. 2010 साली बंगळूर आणि हैदराबादच्या सात महाविद्यालयांतल्या मुलांनी मिळून केलेला, एक किलोच्याही आतला 'स्टुडसॅट' गेला. 2011 साली कानपूरच्या आय.आय.टी.चा 'जुगनू' गेला. आणि 'स्वयम्'पाठोपाठ तीनच महिन्यांनी, 26 सप्टेंबर 2016 रोजी, पवईच्या आय.आय.टी.च्या मुलांचा दहा किलोंचा 'प्रथम' निघाला. म्हणजे एकाच वर्षात पुणे आणि मुंबई या दोन्ही बहिणींनी आपापला कंदील टांगला. तो आधी कोणाचा लागला, यावरून वाद करणाऱ्यांना मी तारखा देऊन ठेवल्या आहेत.

पण एवढ्याशा डब्यात कठीण ते काय, असे कोणी विचारील. त्याने पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे प्रवास. रॉकेट सुटताना जो हादरा आणि जो गडगडाट होतो, त्यात एखादा ढिला स्क्रू, एखादा कच्चा सांधा टिकत नाही. म्हणून उपग्रह आधी जमिनीवर कंपन-यंत्रावर बांधून भरपूर खिळखिळवतात. जे निखळायचे ते इथेच निखळू दे, हा हेतू.

दुसरी गोष्ट वरच्या ऋतूची. असा उपग्रह साधारण पंचाण्णव मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालतो. त्यात तासभर लखलखीत ऊन आणि अर्ध्या तासाहून थोडी अधिक काळोखी सावली. आपल्याकडे चोवीस तासांत एक दिवस उजाडतो, त्याच्याकडे पंधरा उजाडतात. दर फेरीला तापायचे आणि गारठायचे. त्यात वर हवा नाही. चहा गरम असला तर आपण बशीत ओतून फुंकर घालतो. तिथे फुंकर चालत नाही. आतला एखादा भाग तापला तर त्याची ऊब धातूतूनच बाहेरच्या अंगापर्यंत न्यावी लागते आणि तिथून किरणांच्या वाटेने अवकाशात सोडावी लागते. पोकळीत साधा डिंकही दगा देतो. त्यातून निघालेली वाफ सूर्यघटांवर जाऊन बसते.

तिसरी गोष्ट विजेची. दहा सेंटीमीटरच्या एका बाजूवर सूर्याची शक्ती पडते ती जेमतेम तेरा-चौदा वॉट. तिच्यातून वीज हाती लागते दोन-तीन वॉट, म्हणजे रात्री जिन्यात लावायच्या बारक्या दिव्याइतकी. एवढ्यात गणकयंत्र चालवायचे, रेडिओ चालवायचा आणि अंधारासाठी बॅटरीत शिल्लकही टाकायची. पहिल्या तारखेच्या पगारात महिना कसा काढावा हे ज्यांना येते, त्यांनाच हे हिशेब जमावेत.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत वाईट. एकदा दार लागले की ते परत उघडत नाही. घरातला रेडिओ बंद पडला तर आपण त्याला एक थाप मारतो. इथे थाप मारायला हात पोचत नाही. वरच्या किरणांच्या माऱ्याने गणकयंत्राच्या स्मरणातला एखादा आकडा उलटा होतो आणि ते मध्येच थिजून बसते. म्हणून त्याच्यावर एक राखण्या ठेवतात. तो ठराविक वेळाने यंत्राला हाक मारतो. ओ आली तर ठीक. नाही आली तर सारे बंद करून पुन्हा पहिल्यापासून चालू करतो. अभ्यासाला बसलेल्या मुलाला आई स्वयंपाकघरातून मधूनमधून हाक मारते, त्यातलाच हा प्रकार. आणि बोलायला वेळ तरी किती? सेकंदाला साडेसात किलोमीटरांच्या वेगाने जाणारा हा पाहुणा एका ठिकाणच्या क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत फार तर दहा-बारा मिनिटे. मुंबईहून पुण्याला यायला त्याला वीस सेकंदही लागत नाहीत. तेवढ्या वेळात त्याची नाडी पाहायची, त्याला काय हवे-नको ते विचारायचे आणि पुढल्या फेरीची वाट पाहत बसायचे.

हे सगळे शास्त्र झाले. मला त्यात भिडली ती निराळीच गोष्ट.

'स्वयम्'चे काम 2008 च्या सुमारास सुरू झाले आणि उड्डाण झाले 2016 साली. इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. ज्याने 2008 साली पहिल्या वर्षाला असताना पहिला आराखडा काढला, तो 2012 साली पदवी घेऊन निघून गेला. त्या वर्षी नवे जे आले त्यांनी ते काम उचलले, आणि उपग्रह उडाला तेव्हा त्यांचीही चार वर्षे भरली होती. 'प्रथम'चे तसेच. 2007 साली दोघा विद्यार्थ्यांच्या डोक्यात ती कल्पना आली, आणि नऊ वर्षांनी ती वर गेली. मधल्या वर्षांतल्या कित्येक मुलांनी रात्री जागवल्या, डाग दिले, सांधे तपासले, आणि उपग्रह टेबलावर असतानाच आपल्या ट्रंका बांधल्या. त्यांनी लावलेल्या झाडाचा आंबा त्यांच्या मागून आलेल्यांनी काढला.

आणि 'प्रथम'चे आयुष्य किती धरले होते? चार महिने! आपल्या डोक्यावर उंच हवेत विद्युत्कणांचा एक थर असतो. रेडिओच्या लहरी त्यातून येताना किंचित पीळ खातात. तो पीळ मोजून तिथे किती विद्युत्कण आहेत ते काढायचे, हे त्याचे काम. वाट दाखवणाऱ्या उपग्रहांच्या मोजमापात या थरामुळे चूक शिरते, म्हणून ही मोजणी मोलाची. देशातल्या इतर महाविद्यालयांनीही आपापल्या गच्चीवर अँटेना उभारून ती मोजणी करावी, अशी त्या मुलांची योजना होती. नऊ वर्षे खपायचे आणि चार महिन्यांची अपेक्षा धरायची. व्याजाच्या हिशेबात हे बसत नाही.

इथे एखादी आई विचारील, आणि तिने विचारलेच पाहिजे, "अहो, हे सगळे खरे; पण याला मार्क किती?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फीचे पैसे तिने साठवलेले असतात. मुलगा रात्री दोन वाजता वसतिगृहावर परततो, सकाळच्या तासाला डुलक्या घेतो, सत्राच्या परीक्षेत दोन विषयांत काठावर येतो, आणि विचारले तर सांगतो, "आई, सोल्डरिंग करत होतो." तिला काय वाटत असेल? बरे, यशाची हमीही नाही. जगातल्या विद्यार्थ्यांनी केलेले कितीतरी उपग्रह रॉकेटपासून सुटले आणि पुढे मुकेच राहिले. एक हाक नाही, एक टिंब नाही. कुठला सांधा निखळला, कुठला दोरा जळला नाही, हे पाहायला कोणी वर जाऊ शकत नाही.

तिला माझे उत्तर असे की, मार्क नाहीत. पण एक गोष्ट या कामात मुले शिकतात जी आपल्याकडच्या कुठल्याच परीक्षेत शिकवीत नाहीत. आपली परीक्षा एकट्याची असते. बाजूच्याच्या पेपरात पाहणे हा गुन्हा. इथे बाजूच्याच्या कामात पाहिले नाही तर तो गुन्हा. रेडिओवाल्याने दोन ग्रॅम वाढवले की चौकट करणाऱ्याचे गणित चुकते. बॅटरीवाल्याने हात आखडला की रेडिओवाल्याचा आवाज बसतो. यंत्रशास्त्राचा, विजेचा, धातूचा, गणकयंत्राचा असे चार शाखांचे विद्यार्थी एका टेबलाशी बसून भांडतात आणि शेवटी एका किलोत तडजोड करतात. एका किलोत! आपल्याकडे घराच्या वाटण्या सात खोल्यांत होत नाहीत.

आणि याहूनही मोठी गोष्ट म्हणजे लिहून ठेवणे. आपण चार वर्षांनी जाणार, मागून येणाऱ्याला आपण भेटणारही नाही, आणि तरी काम पुढे चालले पाहिजे. मग हा स्क्रू याच मापाचा का, हा सांधा दोनदा का सुटला, ही परीक्षा कशी केली, हे सारे कागदावर उतरवावे लागते. माझ्या डोक्यात आहे, असे म्हणून चालत नाही. डोके पुढल्या जूनमध्ये नोकरीवर जाणार असते. ज्या तुकडीने नीट लिहिले नाही तिची वर्षे वाया जातात आणि पुढल्यांना तोच घाम पुन्हा गाळावा लागतो.

या बाबतीत आपली परंपरा काही फार उजळ नाही. आपल्याकडचे वैद्य औषध सांगायचे, कृती सांगायचे नाहीत. गवई मुलाला शिकवायचे, तेही पुरते नाही. घरोघरच्या आज्या तर या बाबतीत अगदी पक्क्या. चकलीच्या भाजणीला तांदूळ किती, हरभऱ्याची डाळ किती, उडीद किती, विचारा, उत्तर येईल, "अंदाजाने घालायचे." मोहन किती? "हाताला कळते." आज्या गेल्या आणि त्या चकल्याही गेल्या. मागे राहिल्या त्या सुना, दर दिवाळीला "त्यांच्यासारखी होत नाही" हे ऐकून घ्यायला. दोष सुनांचा नव्हे. चोपडी कोणी लिहिली नाही.

ही पोरे चोपडी लिहायला शिकली. त्यांच्या उपग्रहाने किती निरोप पोचवले याचा हिशेब शास्त्रज्ञ ठेवतील. पण स्वतः न पाहिलेल्या माणसासाठी नीट, खरे आणि अंदाज न ठेवता लिहून ठेवायचे, हा निरोप त्यांनी एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीला आठ-नऊ वर्षे बिनचूक पोचवला. त्यावाचून तो एक किलोचा डबा टेबलावरून उठलाच नसता.

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो, आणि बहुधा खर्च वाढला की म्हणतो. या मुलांची हौस पाहून त्या म्हणीचा दुसरा अर्थ मला कळू लागला आहे. तेव्हा या दिवाळीत घरात एखादी आजी असेल, तर चकल्यांचा घाणा निघण्यापूर्वी तिच्याजवळ वाटी आणि वही घेऊन बसा. ती "अंदाजाने" म्हणेल. तिचा हात वाटीवर थांबवा, मोजा आणि लिहा. शेजारी खाली तारीख घाला. पुढल्या तुकडीला लागेल.